६५ इंची टीव्ही घ्यायचा आहे, नागपुरात भाव कसा करायचा? (मदत हवी आहे)

मनीषनगरवाली

नमस्कार मंडळी. कोणता टीव्ही चांगला, हा प्रश्न नाही. तो वाद घरात महिनाभर घालून झाला. ६५ इंची, फोर-के, क्यूएलईडी, बजेट ७०,००० च्या आत, सोफा ते भिंत साडेआठ फूट. मॉडेलही ठरलं आहे. अडकलंय ते भावात.

जुन्या ४३ इंचीच्या डाव्या अंगाला फेब्रुवारीपासून एक उभी हिरवी रेघ आली आहे आणि ती नेमकी स्कोअरच्या आकड्यांवरून जाते. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसतं, त्यामुळे रेघही स्वच्छ दिसते. पाडव्याला घ्यायचा राहून गेला, म्हणून सासूबाईंनी अक्षय तृतीयेचा मुहूर्त काढलाय. दुकानांची नावं मुद्दाम देत नाही.

पहिलं दुकान सीताबर्डीवरचं, मोठं, एसीवालं. बोर्डावर ७४,९९०. त्यावर अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावर ईएमआय केला तर ५,००० कॅशबॅक (नव्वद दिवसांनी येणार म्हणे), जुन्या टीव्हीचे ३,०००, वर 'नऊ हजाराचा' साउंडबार फुकट. मी म्हटलं, बिल बनवून दाखवा. कच्च्या बिलात ५,४९९ ची वाढीव वॉरंटी आधीच टाकलेली होती. विचारलं तर म्हणे, "मॅडम, वो तो सब लेते है."

दुसरं इतवारीतलं, जुनं. काउंटरवरच्या काकांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ६९,५०० लिहिलं, भिंतीवर बसवून. मग आवाज खाली करून, "बिल नाही घेतलं तर ६७,०००."

तिसरा ऑनलाइन. ६६,४९०, कार्डावर आणखी २,५०० कमी.

आता सांगा, यातलं स्वस्त कोणतं? मी वही घेऊन बसले, तरी दर वेळी उत्तर वेगळं येऊन राहिलं. सीताबर्डीचा पोरगा तर आकडा तोंडाने बोलतच नाही. कॅल्क्युलेटरवर दाबतो आणि तो तुमच्याकडे वळवतो. तोही माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे. पैसे माझ्या खात्यातून जाणार आहेत, ही गोष्ट वेगळी.

आणि खरी गंमत म्हणजे सासूबाई. गोकुळपेठ बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून दहा मिनिटं वाद घालणारी बाई त्या शोरूममध्ये खुर्चीवर पदर सावरून गप्प बसली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तिथे भाव करायचा असतो का?" मलाही तेच विचारायचं आहे. करायचा असतो का, कोणाशी, आणि कुठून सुरुवात करायची?

बेसारोड

भावाचं नंतर, आधी टेप काढा. ६५ इंच हा कर्ण असतो. टीव्हीची रुंदी जवळपास १४५ सेंटिमीटर येते. शोकेसच्या खणात बसवायचा असेल तर खण आतून मोजा. आमचा १४० चा निघाला. सुताराचे ३,५०० गेले, ते कुठल्याच ऑफरमध्ये धरलेले नव्हते. खोकं त्याहून लांब असतं, लिफ्टचंही बघून ठेवा.

मनीषनगरवाली

मोजलं. भिंतीवरच लावणार आहोत, शोकेस काढली. लिफ्टमध्ये चार माणसं म्हणजे गर्दी, त्यामुळे खोकं जिन्यानेच येईल. धन्यवाद, हे डोक्यात नव्हतं.

शनिवारपेठ

ऑनलाइन घ्या, संपला विषय. दुकानदारांशी बोलण्यात आयुष्य का घालवता?

तर्रीपोहे

पुण्याचे दिसता. इथे ४३ डिग्रीत टीव्ही बंद पडला की दुकानदाराच्या काउंटरवर जाऊन बसता येतं, तिथला कूलर खाता येतो आणि त्यानेच कंपनीला फोन लावेपर्यंत उठायचं नाही. ऑनलाइनवाल्याकडे कुठे जाऊन बसू बाप्पा?

बाकी मनीषनगरवाली ताई, ऑनलाइन भाव घेताना मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. बाहेरून अगदी सारखे दिसणारे दोन टीव्ही असतात, नंबरात एखादंच अक्षर वेगळं, आणि आत एकाला बॅकलाइट चांगला, दुसऱ्याला कमी. ६० हर्ट्झ की १२० हर्ट्झ (पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं) हेही तिथेच कळतं. दुकानात जे चित्र दिसतं त्यावर जाऊ नका. तो भडक शोरूम मोड असतो. रिमोट मागून घ्या, सिनेमा किंवा स्टँडर्ड मोड लावा, नाही दिलं रिमोट तर समजून जा.

पूर्वाश्रमीचा दुकानदार

मी सोळा वर्षं हा धंदा केला, आता सोडला, म्हणून मोकळेपणी लिहितो.

ताई, भाव करायचा असतो. पण तुम्ही ज्याच्याशी बोलत होता त्याच्याशी नाही. कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट घातलेला पोरगा बहुतेक वेळा दुकानाचा माणूस नसतोच, तो कंपनीचा प्रमोटर असतो. त्याला त्याच्या ब्रँडचा नग खपवायचा असतो, किंमत कमी करायचा अधिकार त्याला नसतो. त्याच्याकडून टीव्ही समजून घ्या, आणि भाव मात्र फ्लोअर मॅनेजरशी किंवा गल्ल्यावरच्या माणसाशी बोला. "मैं पूछ के आता हूँ" म्हणून तो आत जातो ना, त्याच्या मागे तुम्हीच जा.

दुसरं, दुकानदार टीव्हीवर फार कमावत नाही. त्याची कमाई आजूबाजूला असते: वाढीव वॉरंटीवरचं कमिशन, फायनान्स कंपनीकडून मिळणारे पैसे, साउंडबार, वॉल माउंट, जुना टीव्ही, आणि महिन्याचं टार्गेट गाठलं की कंपनीकडून मिळणारी स्कीम. म्हणून तुम्हाला पाच गोष्टी एकदम सांगतात. एकीकडे दिलेलं दुसरीकडून काढायला जागा राहते. जुन्याचे ३,००० देतो म्हणताना नव्यात तितके वाढवलेले असू शकतात. तुमची वही जुळत नाही ती त्यामुळे, गणित चुकलंय म्हणून नाही.

यावर उपाय एकच. सगळं बाजूला काढा आणि असं विचारा: "एक्स्चेंज नाही, ईएमआय नाही, वॉरंटी नाही, साउंडबार नाही. यूपीआयने आत्ता देते. पक्क्या बिलासकट, भिंतीवर बसवून, माझ्या खात्यातून किती जाणार?" एक आकडा घ्या. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, तिन्ही ठिकाणी. जुना टीव्ही, कार्ड वगैरे एकेक करून नंतर आणा, आणि प्रत्येकाने त्या आकड्यातून किती कमी होतं ते बघा. आकडा हलला नाही तर ती ऑफर नव्हतीच.

साउंडबार फुकट असेल तर "तो ठेवा, त्याचे किती कमी करता?" विचारा. 'नऊ हजाराच्या' साउंडबारचे १,२०० सांगतील. मग तुम्हालाच त्याची किंमत कळेल.

एमआरपीवरून सूट मोजू नका. त्या आकड्याला टीव्ही कोणी विकतच नाही. आणि जीएसटीच्या नावाने मिळणाऱ्या सवलतीलाही भुलू नका. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून, सगळ्या देशात. ती कोणा दुकानदाराची मेहेरबानी नाही.

बिनबिलाचं मात्र चुकूनही करू नका. ६९,५०० मध्ये जीएसटीच १०,६०० च्या आसपास आहे. त्यातले २,५०० तुम्हाला देऊन बाकीचं कोणाच्या खिशात जातं ते बघा. आणि पॅनेल (म्हणजे टीव्हीचा पडदाच) गेलं की कंपनी आधी बिल मागते. ग्राहक हेल्पलाइनला (१९१५) फोन लावलात तर तिथेही हाती कागद लागतोच.

आता मुहूर्त. सासूबाईंची माफी मागून सांगतो, अक्षय तृतीयेला जाऊ नका. त्या दिवशी दुकानात माणसं मावत नाहीत, भाव कोण करणार? महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत, आडवारी, दुपारी जा. टार्गेटला चार नग कमी पडत असले तर मॅनेजर स्वतः पाणी आणून देतो.

ईएमआयग्रस्त

'नो कॉस्ट' ईएमआयचं मी सांगतो, भोगलंय. समजा ६८,००० चा टीव्ही, नऊ महिने, महिना ७,५५६. बँक व्याज घेतेच. १५ टक्के वार्षिक धरलं तर सुमारे ४,०६० होतं, ते तुम्हाला आधी सूट म्हणून वजा करून दाखवतात. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७३० रुपये, तुमच्या कार्डावर हप्त्याहप्त्याने येतो. प्रोसेसिंग फी वेगळी. मला वाटायचं बँक चुकून लावतेय, दोनदा भांडलो.

रक्कम एकदम देणार असाल तर "ते व्याजाचे चार हजार मला कमी करा" म्हणून बघा. कंपनी सोसत असेल तर दुकानदाराच्या हातात नसतं, दुकानदार सोसत असेल तर काहीतरी सुटतं. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि नव्वद दिवसांनी येणारा कॅशबॅक हातात येईपर्यंत आला असं धरू नका, तारीख लिहून ठेवा.

बेसारोड

वाढीव वॉरंटीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्याकडे पॅनेल दुसऱ्या वर्षी गेलं, बदलायचा खर्च ऐकून नवीनच घेतला. त्यामुळे अगदीच फालतू नाही. पण दुकानाची घेऊ नका. बऱ्याच कंपन्या पहिलं वर्ष संपायच्या आत स्वतःची विकतात, सावकाश घेता येते.

पूर्वाश्रमीचा दुकानदार

बरोबर. आणि कोणतीही घ्या, पॅनेल फुटलं तर नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. म्हणून खोकं तुम्ही उघडू नका. कंपनीचा माणूस येईल, त्याच्यासमोर उघडा, मोबाइलवर शूटिंग करा, टीव्ही लावून पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा बघा, मगच सही. खोक्यावरचा सिरीयल नंबर बिलावरच्याशी जुळवा. मागच्या लेबलवर तयार झाल्याचा महिना असतो, तोही बघा. शोकेसमधला चालू नग "नवीनच आहे" म्हणून देत असतील तर घेऊ नका, किंवा घसघशीत कमी करून मागा. तो दिवसाला दहा तास शोरूम मोडवर जळलेला असतो.

तर्रीपोहे

आणि कूलर ज्या पॉइंटवर आहे त्यावर टीव्ही लावू नका. मोटर चालू-बंद होताना झटका बसतो. चांगला स्पाइक गार्ड घ्या, आणि मे महिन्यात वादळ आलं, विजा कडाडल्या की प्लग काढा. केबलची वायरसुद्धा.

मनीषनगरवाली

अपडेट देते.

मुहूर्ताला आम्ही माठ घेतला. अक्षय तृतीयेला तसाही नवा माठ लागतोच, सासूबाईंचं समाधान झालं. २९ तारखेला दुपारी अडीच वाजता मी आणि त्या, दोघीच, आधी सीताबर्डी. नवऱ्याला नेलंच नाही, कॅल्क्युलेटर आपोआप माझ्याकडे वळला. मॅनेजरला तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. घाबरून एका दमात म्हटलं, त्यालाही हसू आलं. ७४,९९० चे ६९,००० झाले, साउंडबार परत केल्याचे (खरंच!) १,००० गेले, ६८,००० वर थांबला. बसवण्याचे वेगळे.

तिथून इतवारी. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, काका पेपरने वारा घेत बसले होते. मी आकडा विचारला. ते पुन्हा पुठ्ठ्यावर ६९,५०० लिहायला लागले. आणि सासूबाई बोलल्या. एसी नव्हता म्हणून असेल, किंवा काकांच्या मागे देवाचा फोटो होता म्हणून.

"भाऊ, बिल न घेता ६७ म्हणाले होते ना तुम्ही? मग बिलासकट ६७ करा. आम्ही तुमच्या भरवशावर घेऊन राहिलो, तुम्ही कागदसुद्धा नाही देणार?"

काका म्हणाले, टॅक्स खिशातून भरू का. सासूबाई उठल्या नाहीत, रागावल्या नाहीत, पर्स मांडीवर ठेवून पंख्याकडे बघत राहिल्या. मी दोनदा तोंड उघडणार होते, त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. चार-पाच मिनिटं कोणीच बोललं नाही. मग काकांनी ६८,००० लिहिलं, खोडलं, ६७,५०० लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, "आणि टांगायचं?" ते त्यातच. मग ते पाचशेही गेले.

६७,०००, पक्कं बिल, भिंतीवर बसवून. कार्ड धरलं तर ऑनलाइन तीन हजारांनी स्वस्त पडत होता, मला माहीत आहे, पण मॉडेलचं शेवटचं अक्षर वेगळं निघालं (तर्रीपोहे, तुमच्यामुळे बघितलं). शिवाय काउंटरवर बसायची सोय हवीच.

दोन पोरांनी खोकं जिन्याने तिसऱ्या मजल्यावर आणलं, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पंधरा मिनिटं अडकलं होतं. पांढरा-काळा पडदा बघितला, ठिपके नाहीत. सासरे आता सोफ्यावरून स्कोअर मोठ्याने वाचतात, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

जुना टीव्ही दिला नाही. काका त्याचे १,२०० म्हणत होते. सासूबाईंनी कॉलनीत येणाऱ्या कबाड्याशी १,८०० ठरवलेत. तो परवा येतो म्हणाला होता, अजून आलेला नाही, आणि टीव्ही बाल्कनीत कपड्यांच्या दांडीखाली उभा आहे.