केरेन १९४१ ते सेनियो १९४५: खेळातील भारतीय पायदळाच्या हाती कोणती रायफल असावी?

खानापूरकर

नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धावरील डावपेचांच्या एका संगणकीय खेळासाठी मी आणि माझे दोन मित्र भारतीय पायदळाचा मॉड (मूळ खेळात चाहत्यांनी केलेला बदल) तयार करत आहोत. मूळ खेळात भारतीय जवान म्हणजे ब्रिटिश शिपायाचाच सांगाडा आहे. त्याच्या चेहऱ्याचा रंग बदलला आहे, सरसकट प्रत्येकाला पगडी घातली आहे आणि १९४१ च्या एरिट्रियातील केरेनच्या लढाईपासून १९४५ च्या इटलीतील सेनियो नदीपर्यंत सर्वांच्या हाती एकच नंबर ४ ली-एनफील्ड रायफल दिली आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आमच्या भागात पलटणीशी नाते नसलेले गाव शोधावे लागेल. माझे पणजोबा इटलीच्या मोहिमेत होते, त्यामुळे ही चूक तशीच राहू देणे मला पटत नाही.

केरेनच्या नकाशावर कोणती रायफल आणि कोणती मशीनगन द्यावी? आणि खेळताना कॅमेरा उंचावर असतो, जवान नखाएवढा दिसतो, तर बारकाव्यांत किती खोल जावे?

निवृत्त सुभेदार, बेळगाव कॅम्प

केरेनची लढाई फेब्रुवारी आणि मार्च १९४१ मधली आहे. नंबर ४ रायफल १९३९ च्या अखेरीस मंजूर झाली असली तरी तिचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९४१ मध्येच सुरू झाले, त्यामुळे एरिट्रियातील भारतीय जवानाच्या हाती ती असणे शक्य नाही. तेथे नंबर १ मार्क ३, म्हणजे आपल्या बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनणारी थ्री-नॉट-थ्रीच हवी. इटलीतही भारतीय जवानांच्या छायाचित्रांत हीच जुनी रायफल दिसते; म्हणून तेथेही तिला काढून टाकू नका.

दोन्हींत दहा गोळ्या मावतात आणि पाच-पाच गोळ्यांच्या पट्टीने त्या भरतात, मात्र रूप वेगळे आहे. नंबर १ चे तोंड बोथट दिसते, कारण नळी पुढच्या लोखंडी टोपणाच्या जवळजवळ बरोबरीने संपते. नंबर ४ ची नळी टोपणाबाहेर स्पष्ट डोकावते. नंबर १ वर नेम धरण्याची मागची खाच नळीवर, पुढच्या बाजूला आहे; नंबर ४ वर तिच्या जागी डोळ्याजवळ, बोल्टच्या मागे, भोकाची पट्टी आहे. संगिनीत तर गोंधळ होऊच नये. नंबर १ ची १९०७ ची संगीन सतरा इंची पात्याची, तलवारीसारखी. नंबर ४ ची जाड खिळ्यासारखी, सुमारे आठ इंचांची.

एक धोका आवर्जून सांगतो. जालावर ‘ईशापूर’ म्हणून जी छायाचित्रे मिळतात, त्यांतील पुष्कळ २ए या रायफलीची असतात. ती १९६२ च्या युद्धानंतरची, ७.६२ मिलिमीटर गोळीची आणि बारा गोळ्यांच्या चौकोनी मॅगझिनची आहे. तिच्यावरून घडवलेला नमुना वीस वर्षांनी चुकेल. मॅगझिनचा तळ चौकोनी दिसला, तर ते छायाचित्र बाजूला ठेवावे.

निपाणीकर शिक्षिका

सुभेदारसाहेबांनी सांगितलेले रूप बरोबर आहे. मला प्रमाणाबद्दल सांगायचे आहे, कारण या खेळांत आकारापेक्षा वाटपाची चूक जास्त होते. जर्मन तुकडीत प्रत्येकाला एमपी-४० ही सबमशीनगन दिलेली असते, प्रत्यक्षात ती प्रामुख्याने तुकडीप्रमुखाकडे असे आणि बाकीच्यांकडे पाच गोळ्यांची माउझर रायफल असे. आपल्या सेक्शनचेही (पायदळाच्या सर्वात लहान तुकडीचेही) तसेच आहे: एक टॉमी गन, म्हणजे थॉम्पसन सबमशीनगन, प्रमुखाकडे, एक हलकी मशीनगन आणि उरलेल्या सगळ्यांकडे रायफली.

नाईक यशवंत घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचे वर्णन या दृष्टीने वाचावे. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधील इतर सर्वजण मारले गेले किंवा जखमी झाले. त्यांनी एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धाव घेतली, हातबॉम्ब टाकला, टॉमी गनने एकाला मारले आणि मॅगझिन बदलण्यास वेळ नसल्यामुळे तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर चालवली. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. बंदूक त्यांच्याकडे होती कारण ते सेक्शनचे प्रमुख होते. प्रत्येक जवानाला टॉमी गन दिली, तर या प्रसंगाला अर्थच उरत नाही.

मशीनगनबद्दल: भारतीय सैन्याने १९३३ मध्ये व्हिकर्स-बर्थिए ही हलकी मशीनगन स्वीकारली होती आणि ती ईशापूरलाच बनत असे. १९४१ च्या तुकड्यांत तिला जागा द्या, इटलीत ब्रेन ही हलकी मशीनगन.

चिकोडीचा मॉडेलर

उंचीवरून काय दिसते, याचे उत्तर माझ्या कामातून देतो. व्हिकर्स-बर्थिए आणि ब्रेन या दोन्हींचे मॅगझिन वर बसते, वाकडे आणि तीस गोळ्यांचे. दूरच्या कॅमेऱ्यातून त्या एकच भासतील, म्हणून तेथे दोन नमुने घडवण्यात वेळ घालवू नका. रायफलीत मात्र बोथट तोंड आणि लांब संगीन ही रेषा दुरूनही कळते. आधी तीच करा.

टॉमी गनला ढोलासारखे मॅगझिन लावू नका. युद्धातल्या एम-१ या प्रकाराला ते बसतच नाही. आणि आकड्यांकडे दुर्लक्ष करू नका, कारण खेळणाऱ्याच्या अनुभवात तेच उतरतात. जर्मन मशीनगन एमजी-४२ मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या झाडते, ब्रेन जवळपास ५००. मूळ खेळात दोघींचा वेग सारखाच ठेवला आहे. मला हा रायफलीच्या नळीपेक्षा मोठा दोष वाटतो.

खानापूरकर

आपणा तिघांचे मनापासून आभार. केरेनच्या नकाशावरून नंबर ४ आजच काढतो, पगड्याही तपासतो, कारण मराठा पलटणीच्या जवानाला लोखंडी टोप हवा. बाईंच्या सांगण्यावरून मॅगझिन रिकामे होण्याची वेळ खऱ्या गोळ्यांवर बेतणार आहे.

सेनियो नदीच्या डावासाठी एक गोष्ट ठरली आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी तेथे मराठा पलटणीचे व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नामदेव जाधव यांच्या हाताला जखम झाल्यावर त्यांनी टॉमी गन टाकून हातबॉम्बांनी मोर्चे फोडले. म्हणून जखमी जवानाला शस्त्र टाकून दुसरे वापरता येईल, अशी सोय घालतो. सुभेदारसाहेब, नंबर १ च्या लाकडाची छटा ईशापूरच्या रायफलीत किती गडद असे, तेवढे आपण पाहिलेल्यावरून सांगावे. त्यावर मी उद्या काम सुरू करीन.