पावसात वहीवर शाई फुटते, पेन बदलू की वही?

निळी दौत (फोंडा):
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेडगळ आहे पण घरात विचारायची सोय नाही, नवरा म्हणतो दहा रुपयांचं पेन घे आणि गप्प लिही. तर मी रोज रात्री डायरी लिहिते आणि शाईपेनानेच लिहिते, मीडियम निब, कॅमलिनची रॉयल ब्लू. मे संपेपर्यंत सगळं झकास होतं. पाऊस लागला आणि तीच वही, तेच पेन, तीच शाई, पण अक्षरांना मुळं फुटल्यासारखं दिसतं, पानाच्या मागे सगळं उमटतं, 'क्ष' आणि 'ह्म' तर मलाच वाचता येत नाहीत. पेन बिघडलं म्हणून निब धुतली, मग दुसरं घेतलं, मग तिसरं... महिनाभरात सात पेनं झाली. दुकानात ट्रायच्या कागदावर 'श्री' काढून बघते तेव्हा सगळी लोण्यासारखी चालतात आणि घरी आणली की रडतात. जेल घेऊ का? आणि हो, मी डावखुरी आहे, हेही आताच सांगून ठेवते.

म्हापशेकर:
गो बाय, पेनाचा काय दोष नाही, तुझी वही पाणी प्यालीय. कागदाला कारखान्यात खळ दिलेली असते, त्यामुळे शाई वरच्यावर राहते. स्वस्त वहीत ती खळ मुळातच कमी, त्यात आपल्याकडची जून-जुलैची हवा, कागद दमट झाला की शाई तंतूंच्या वाटेने पळते, त्याच तुला दिसतायत त्या मुळ्या. आणि दुकानातला ट्रायचा कागद म्हणजे बहुतेक झेरॉक्सचा, ७० नाहीतर ७५ जीएसएम, त्यावर 'श्री' काढून घरी शाळेच्या वहीत लिहिणार तर असंच होणार ना. आपली वही घेऊन दुकानात जायचं. मी जातो. दुकानदार हसतो, हसू दे.

जीएसएमला पण फार भुलू नकोस, ते एक चौरस मीटर कागदाचं वजन, बस, खळ किती आहे ते त्यातून कळत नाही. माझ्याकडे १०० जीएसएमची एक सुंदर वही आहे, जाड, पिवळसर पानं, शाई मात्र अशी पसरते की विचारू नको. त्यापेक्षा शेवटच्या पानावर एक लांब शिरोरेघ हळू ओढ आणि मध्येच पेन टेकवून तीन सेकंद थांब, ठिपका केवढा सुजतो त्यावरून कागद कळतो. मग भराभर इंग्रजी आठ काढ, तिथे रेघ तुटली तर तो दोष पेनाचा.

डिचोलीचा मास्तर:
ताई, जेल नको. जेलची शाई पाण्याची असते, दमट हवेत उशिरा सुकते, आणि तुम्ही डावखुऱ्या म्हणजे लिहिलेल्यावरूनच हात फिरणार, करंगळीची कड निळी झालीच म्हणून समजा. वर्गात अशी दोन मुलं आहेत, त्यांच्या वह्या लांबून ओळखतो. पावसाळ्यापुरतं सरळ बॉलपेन घ्या. त्याची शाई तेलकट, कागद दमट असला तरी ती फुटत नाही. एकच त्रास, साध्या बॉलपेनाला दाबावं लागतं आणि चाळीस पेपर तपासले की अंगठा बोंब मारतो, म्हणून मी आता पातळ तेलाच्या शाईवाली वापरतो, लिंकचं पेंटॉनिक रोजचं आणि जेटस्ट्रीम लाडाचं. (जेटस्ट्रीम बनवणारी मित्सुबिशी पेन्सिल आणि गाड्यांवाली मित्सुबिशी यांचा काही संबंध नाही, फक्त खूण तीन हिऱ्यांचीच, मला हे कळलं तेव्हा उगाच आनंद झाला होता.)

आणि खोडता येणाऱ्या पेनांच्या वाटेला जाऊ नका. त्यांची शाई उष्णतेने अदृश्य होते, साधारण ६० अंशांना. मी मे महिन्यात मार्कांची कच्ची यादी गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलो, दुपारी येऊन बघतो तर पान कोरं!! बायकोच्या सल्ल्याने फ्रीजरमध्ये ठेवलं, तेव्हा फिकट फिकट परत आलं. मासळीच्या पिशवीशेजारी ठेवलं होतं, तो वास अजून आहे त्या कागदाला.

म्हापशेकर:
मास्तर, बॉलपेनाने डायरी म्हणजे पंचायतीचा अर्ज लिहिल्यासारखं वाटतं हो.

डिचोलीचा मास्तर:
अर्ज निदान वाचता तरी येतो.

टीपकागद:
मी वयाने जरा मोठा, म्हणून थोडं जुनं सांगतो. आमच्या घरी शाईच्या पुड्या यायच्या, पाण्यात कालवून दौतीत भरायच्या. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत घोडा छाप म्हणून हाच धंदा सुरू केला होता, त्याचंच पुढे कॅमलिन झालं. त्या शाईबरोबर टीपकागद असायचाच, पान उलटायच्या आधी टिपून घ्यायचं. डावखुऱ्यांना तर तो हवाच, हाताखाली ठेवून लिहा, घाम पण कागदाला लागत नाही (तळहाताचा घाम हा अर्धा गुन्हेगार, हे कोणी बोलत नाही).

दुसरं, निब मीडियमऐवजी फाईन घ्या, शाई कमी उतरते. आणि वही टेबलावर उघडी टाकू नका, आमच्याकडे चतुर्थीपर्यंत वह्या कपड्यांच्या कपाटात असतात, तिथे बुरशी येऊ नये म्हणून झिरोचा बल्ब लावलेला असतो. दौतीचं झाकण उघडून एकदा बघा, आत तंतू तरंगताना दिसले तर ती बुरशी, सरळ ओतून द्या, पेनात भरली तर निबची वाट लागेल.

निळी दौत (फोंडा):
आठ दिवसांनी येतेय, सॉरी. वही बल्बच्या कपाटात ठेवली, आणि शिरोरेघ कपाटातल्या पानावर एक, टेबलावर पडलेल्या जुन्या वहीच्या पानावर एक, एकाच पेनाने. टेबलावरच्या वहीत ठिपका मसुराएवढा, कपाटातल्या वहीत मोहरीएवढा. दोन्ही वह्या एकाच गठ्ठ्यातल्या! म्हणजे सातातली पाच पेनं उगाचच घेतली, सहाव्याची रेघ आठ काढताना खरंच तुटते, आणि सातवं नवऱ्याने बँकेत नेलं ते परत आणलं नाही. टीपकागद मात्र फोंड्यात तीन दुकानं फिरले तरी मिळाला नाही, एका पोराने मला टिश्यू पेपर दाखवला. काका, तुम्ही कुठून आणता?

टीपकागद:
मडगावहून आणायचो, पण तेही दुकान आता मोबाईलचं झालंय. माझ्याकडे एक जुना गठ्ठा आहे, अर्धा पाठवतो.