अणुयुद्धाचे सिनेमे ढग दाखवून मोकळे होतात

तिरपी मान:
पांढरा लखलखाट, मग तो छत्रीसारखा ढग, संगीत एकदम बंद, कुणीतरी आ वासून आभाळाकडे बघतंय. अणुयुद्धावरचा बहुतेक सिनेमा इथे येऊन हात झटकतो. माझी तक्रार अशी की तो ढग दिसायला देखणा आहे आणि कॅमेरा त्याच्यावर भाळतो. खरं भयाण जे असतं ते ढग विरल्यावर सुरू होतं, आणि तिथवर थांबायला फारसं कुणी तयार नसतं.

थांबला तो बीबीसीचा 'थ्रेड्स' (१९८४). लेखन बॅरी हाइन्सचं, दिग्दर्शन मिक जॅक्सनचं, शहर इंग्लंडमधलं शेफील्ड. बॉम्ब पडतो तेव्हा सिनेमा अर्धाही झालेला नसतो. मग उरलेला वेळ करायचं काय? तर टाउन हॉलच्या तळघरात आणीबाणीसाठी नेमलेली साधी अधिकारी मंडळी अडकून पडली आहेत. वर शहर जळतंय आणि खाली हे सिगारेटी ओढत एकमेकांवर खेकसतायत. धान्य कुणाला द्यायचं? जे जगणारच नाहीत त्यांच्यावर ते खर्ची घालायचं का? नकाशे आहेत, फोन आहेत, फायली आहेत. फक्त हुकूम पाळणारं कुणी उरलेलं नाही. पुढे सैनिक ढिगारा उपसून खाली उतरतात, तोवर सगळे मेलेले.

आणि कित्येक वर्षांनंतरचा तो प्रसंग! फाटक्या कपड्यांतली पोरं एका झिजलेल्या व्हिडिओ टेपवर शाळेचा जुना कार्यक्रम बघत बसली आहेत. समोर प्राण्यांचे सांगाडे. पोरांच्या चेहऱ्यावर कुतूहल नाही, कंटाळासुद्धा नाही. या पिढीला धड वाक्य बोलता येत नाही. मला तो स्फोट आता अंधुकच आठवतो, ही पोरं मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत.

साशंक:
असहमत. 'थ्रेड्स' मीही पाहिला. तासाभरानंतर मला काही म्हणजे काहीच वाटेनासं झालं. प्रेतं, उंदीर, पुन्हा प्रेतं. माणूस घाबरतो, मग बधिर होतो, मग घड्याळ बघतो. त्याला जागृती म्हणायचं?

आणि असल्या सिनेमांनी जग बदलतं ही तर निव्वळ लोणकढी. कॅन्ससवर अणुबॉम्ब पडल्याचा 'द डे आफ्टर' घ्या. २० नोव्हेंबर १९८३ ला अमेरिकेत एबीसी वाहिनीवर लागला, सुमारे १० कोटी लोकांनी पाहिला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याआधीच खाजगीत पाहिला होता, आणि मन फार खिन्न झाल्याचं दैनंदिनीत लिहिलं होतं. हे सगळे उगाळून सांगतात. त्याच नोंदीत पुढे काय आहे? शत्रूला वचक बसेल अशी ताकद राखण्यासाठी शक्य ते सगळं करायला हवं! सिनेमा टीव्हीवर लागून दोन दिवस होतात न होतात तोच पश्चिम जर्मनीच्या संसदेने अमेरिकेची पर्शिंग अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं तैनात करायला होकार दिला. मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं हटवणाऱ्या १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारासाठी या सिनेमाची पाठ थोपटणं म्हणजे कावळा बसला आणि फांदी मोडली.

तिरपी मान:
सिनेमाने युद्ध थांबवावं असं मी लिहिलंय कुठे? खोटं दाखवू नये, एवढीच मागणी आहे. 'द डे आफ्टर'च्या शेवटी तर पाटीच येते की प्रत्यक्षातला संहार याहून मोठा असण्याचीच शक्यता आहे. म्हणजे सौम्य केलंय हे करणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

बधिर होण्याचं म्हणाल, तर पीटर वॉटकिन्सचा 'द वॉर गेम' बीबीसीने १९६५ मध्ये स्वतःच करून घेतला आणि फार भीषण आहे म्हणून दाखवायचं नाकारलं. टीव्हीवर आला थेट १९८५ ला. मधल्या काळात त्याला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं, सगळा अभिनित असूनही! लोक नुसते बधिरच होणार होते तर वीस वर्षं टीव्हीपासून लांब कशाला ठेवला?

टिंब टिंब:
दिग्दर्शक कुब्रिक आधी अणुयुद्धावर गंभीर सिनेमाच करणार होता. पण लिहिताना सगळंच इतकं हास्यास्पद वाटायला लागलं की 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) हा विनोदपटच झाला. मला तोच सगळ्यात खरा वाटतो. चला, पळतो.

उंबरा:
गंमत आहे. शेफील्ड झालं, कॅन्सस झालं, पण हे सगळं जिथे खरोखर घडलं त्या हिरोशिमाचं नाव एकाच्याही तोंडी नाही.

जपानी दिग्दर्शक इमामुरांचा 'ब्लॅक रेन' (१९८९) बघा. यासुको नावाची मुलगी. स्फोटाच्या वेळी ती शहरात नव्हती, पण नंतरच्या किरणोत्सारी काळ्या पावसात भिजली. युद्ध संपून काही वर्षं झालीत आणि तिची स्थळं एकामागून एक मोडतायत, कारण तिला किरणोत्सर्ग बाधल्याची कुजबुज आधीच पोचलेली असते. मामा काय करतो? तिच्या त्या दिवसांच्या रोजनिशीची नक्कल उतरवत बसतो, ती स्फोटात सापडली नव्हती याचा स्थळाकडच्यांना पुरावा म्हणून. एकीकडे हे कागद तयार होतायत आणि दुसरीकडे तिचे केस गळायला लागतात.

उलट अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञावरचा 'ओपनहायमर' (२०२३). हिरोशिमाची छायाचित्रं दाखवली जातात तेव्हा नायक मान खाली घालतो, आणि कॅमेरा त्याच्याच चेहऱ्यावर. छायाचित्रं आपल्याला दिसत नाहीत.

साशंक:
'ओपनहायमर'बाबत दिग्दर्शक नोलनची बाजू घेईन. गोष्ट त्या माणसाच्या डोळ्यांनी सांगितली आहे. तो बघत नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही. 'ब्लॅक रेन' मान्य, पण तुम्ही सांगताय ते माझ्याच बाजूचं आहे. रोजनिशीची नक्कल पुरते, प्रेतांचे ढीग लागत नाहीत.

उंबरा:
अर्धाच आठवतोय तुम्हाला. त्यात जळणारं हिरोशिमाही आहे. एक पोरगा, चेहरा भाजून ओळखू न येणारा, आपल्या थोरल्या भावाला हाक मारतो. भावाला पटत नाही. तो नाव विचारतो, शाळा विचारतो. शेवटी कमरेचा पट्टा बघतो, तेव्हा कुठे ओळख पटते.

साशंक:
तो पट्ट्याचा प्रसंग डोक्यातून पार गेला होता. बरोबर आहे, तिथे नजर वळवली असती तर राग आला असता. 'थ्रेड्स' मात्र पुन्हा लावणार नाही.

तिरपी मान:
पुन्हा मीही लावलेला नाही.