इव्हेंट्स मॅनेजमेंट आणि मार्केटिंग शिकायला यूकेला जाऊ का? घरी वाद चालू आहे

नाशिकची_रेवा:
मंडळी, सल्ला हवाय. माझं बीबीए यंदा संपतंय, कॉलेजच्या फेस्टची स्पॉन्सरशिप कायम माझ्याकडे असायची आणि ते काम मला मनापासून आवडतं. यूकेत इव्हेंट्स मॅनेजमेंट + मार्केटिंगच्या मास्टर्सची ऑफर आलीये. बाबा थेट नाही म्हणत नाहीयेत पण लोन काढावं लागणार, आणि काकांचं एकच पालुपद, मांडव घालायला डिग्री कशाला? तिकडे शिकवतात तरी काय, आणि नंतर काम मिळतं का? कोणी शिकलेलं असेल तर प्लीज खरं सांगा.

लीड्सकर:
मी लीड्समध्ये हेच शिकलो. इथल्या आत्ताच्या लीड्स बेकेट युनिव्हर्सिटीत इव्हेंट्सचं वेगळं सेंटर १९९६ पासून आहे, म्हणजे हा विषय तिकडे नवा नाही. डेकोरेशन वगैरे जवळजवळ नसतंच बरं का. पहिल्याच असाइनमेंटला बजेट. समज हॉलचं भाडं १८०० पाउंड, साउंड ६००, तिकीट १२, म्हणजे २०० तिकिटं गेली की नुसता खर्च निघतो, आणि हॉलच ३०० चा असला तर तुझी सगळी कमाई त्या शेवटच्या १०० खुर्च्यांवर. मग मार्केटिंगचा भाग येतो, त्या १०० खुर्च्या कोणाला विकायच्या, अर्ली बर्ड, म्हणजे लवकर घेणाऱ्यांचं स्वस्त तिकीट, कधी बंद करायचं, कुठल्या जाहिरातीवरून किती तिकिटं गेली. शिवाय लायसन्सिंग. इंग्लंडमध्ये दारू किंवा करमणुकीचा छोटा कार्यक्रम असेल तर कौन्सिलला टेम्पररी इव्हेंट नोटीस द्यावी लागते, कामाचे १० दिवस आधी, आणि एका वेळी ४९९ च्या वर माणसं नकोत, त्यात तुझा स्टाफही धरायचा! २०१७ च्या मँचेस्टर अरीना हल्ल्यानंतर सुरक्षेवर फार भर आहे, २०२५ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. काकांना हे सांग.

साउंडचेक_पुणे:
रेवा, मी पुण्यात प्रॉडक्शनला आहे, डिग्री नाही, काम करत करत शिकलो. लीड्सकर म्हणतायत ते पटलं, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त घोळ परवानग्यांतच होतो. पोलीस, फायर एनओसी, गाण्यांचं लायसन्स, आणि उघड्यावर रात्री १० ला स्पीकर बंद म्हणजे बंद, १२ पर्यंतची सूट वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस आणि ते दिवस सरकार ठरवतं. कलाकार पावणेदहाला स्टेजवर आला तर काय करायचं हे कुठल्या पुस्तकात नाही गं. म्हणून माझं मत, आधी एक सीझन इकडे कंपनीत काढ, डिसेंबरात सवाईला जाऊन गाण्याइतकंच बॅकस्टेज कसं चालतं ते बघ, आणि तरीही ओढ राहिली तर जा. पण एक आहे, ज्या मुलांना आकडे आणि क्लायंटशी बोलणं जमतं ती पुढे जातात, आणि ते कोर्समध्ये नीट घोटून घेतात.

लंडनवाली_ताई:
सगळ्यांनी कोर्सचं सांगितलं, मी व्हिसाचं सांगते कारण एजंट हे सांगत नाहीत आणि मुलं इथे येऊन अडकतात, ते बघून फार वाईट वाटतं. स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला २० तास काम करता येतं, पण फ्रीलान्स अजिबात नाही. आणि इव्हेंट्सच्या धंद्यात क्रूचं बरंचसं काम फ्रीलान्सच असतं! त्यामुळे पगारावर घेणारी कामं शोधायची, व्हेन्यू, हॉटेलचं बँक्वेट, युनिव्हर्सिटीचं स्वतःचं इव्हेंट्स ऑफिस. कोर्सचाच भाग असलेली प्लेसमेंट, म्हणजे शिकताना कंपनीत प्रत्यक्ष काम, असेल तर ती फुल टाइम चालते, म्हणून प्लेसमेंटवाला कोर्सच घे बाळा. कोर्स संपल्यावर इथे राहून काम करायचा ग्रॅज्युएट व्हिसा सध्या २ वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने. त्यावर मात्र फ्रीलान्स चालतं. तुझा कोर्स कधी संपतो ते मोजून बघ. आणि लंडनला आलीस तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत स्वयंसेवक म्हणून उभी राहा, १९३२ चं मंडळ आहे, ओळखी होतात.

नाशिकची_रेवा:
ताई, थँक्यू, फ्रीलान्सचं खरंच कोणी बोललं नव्हतं. माझ्या ऑफर लेटरमध्ये प्लेसमेंट ऑप्शनल लिहिलंय. म्हणजे मिळेलच असं नाही ना?

लंडनवाली_ताई:
नाही, बहुतेक ठिकाणी ती तुलाच शोधावी लागते. युनिव्हर्सिटीला आजच मेल टाक, मागच्या बॅचमधल्या किती जणांना आणि कुठे मिळाली विचार. नीट उत्तर आलं नाही तर डिपॉझिट भरू नकोस.