एकच पॅच की पाच तुकडे?

मुलुंडचा_मुंगळा :
रविवार, त्यात मेगाब्लॉक. घरी बसून भडास काढतोय. लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, एका सेन्सर ड्रायव्हरमध्ये काम केलं. अर्धा कोड नव्या फाइलीत हलवला, हलवताना लॉकिंगची (एकाच डेटाला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून घालायच्या कुलपाची) चूक दिसली ती सुधारली, आणि शेवटी नव्या चिपसाठी सपोर्ट घातला. ६४० ओळी, एकच पॅच (तपासायला पाठवायचा बदलांचा गठ्ठा). तीन आठवड्यांनी मेंटेनरचं (तो कोड सांभाळणाऱ्याचं) दोन ओळींचं उत्तर: तोडून पाठवा, एका पॅचमध्ये एकच बदल.

अरे, मी ते सगळं एका बैठकीत केलंय! आता 'आधी हे केलं, मग ते केलं' असा खोटा इतिहास लिहायचा? यात मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याची मुदत, हुकली. ती असते दोन आठवड्यांची, पुढची यायला नऊ-दहा आठवडे. कोड चालतो की नाही ते बघा ना.

माटुंगा_रोड :
इतिहास म्हणजे तुमची रोजनिशी नाही. तो पुढे बग शोधणाऱ्यासाठी असतो. सिग्नल फेल झाला की आपण पहिलं काय विचारतो? कुठल्या दोन स्टेशनांच्या मधे? गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातलं बाइसेक्ट तेच करतं. हजार कमिट (इतिहासात नोंदलेले बदल) असले तरी दरवेळी अर्धे बाद करत दहाएक चाचण्यांत एका कमिटवर बोट ठेवतं. ते बोट तुमच्या ६४० ओळींवर आलं, तर चोराची चाळ सापडली, खोली नाही.

आणि ती लॉकिंगची दुरुस्ती जुन्या स्टेबल कर्नललाही (आधीच निघालेल्या, फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या आवृत्तीलाही) हवी असणार. तिथे पॅच आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींच्या आत लागतो. तुमच्या गाठोड्यातून ती कोण वेगळी काढणार?

अंधेरीची_आत्या :
मी मुंगळ्याच्या बाजूने. निदान अर्धी. तोडा म्हटलं की लोक कोथिंबीर चिरायला बसतात. आमच्याकडे एकाने ३१ पॅचची मालिका पाठवली होती. तिसऱ्यात एक स्टॅटिक (त्याच फाइलीपुरतं) फंक्शन आलं, ते वापरलं थेट नवव्यात. मधल्या सगळ्या बिल्डमध्ये (कोडचा चालणारा कर्नल बनवताना) 'वापरलेलं नाही' अशी वॉर्निंग, आणि ते फंक्शन बरोबर आहे का हे ठरवायला मी सहा पॅच पुढे-मागे करतेय. कर्नलचे नियमही सांगतात, एका वेळी १५च्या आसपासच पाठवा. ते कोणी वाचत नाही!

फाइलवार तोडणारे तर महाभाग. हेडरमध्ये (फंक्शनांची ओळख लिहिलेल्या फाइलीत) फंक्शनचा एक पॅरामीटर वाढवला पहिल्या पॅचमध्ये, कॉल बदलले चौथ्यात. मधे काहीच बिल्ड होत नाही. मग घाला चुलीत तुमचं बाइसेक्ट.

माटुंगा_रोड :
आत्या, ही तोडणाऱ्याची चूक झाली, तोडण्याची नाही. प्रत्येक पॅच लावल्यावर कर्नल बिल्ड झाला पाहिजे आणि चालला पाहिजे, हीच तर अट आहे. फंक्शन आणि त्याचा पहिला वापर एकाच पॅचमध्ये ठेवला की झालं. मुंगळ्याचा खरा घोळ कोड हलवण्यात आहे. ३०० ओळी लाल (काढलेल्या), ३०० हिरव्या (घातलेल्या), आणि मधे दोन ओळी गुपचूप बदललेल्या. त्या कोणाच्या डोळ्याला दिसणार? हलवायचं तर जसंच्या तसं हलवा, बदल पुढच्या पॅचमध्ये. दुरुस्ती सगळ्यांत आधी.

अंधेरीची_आत्या :
हे मान्य. पण नव्या माणसाला दोन ओळींत 'तोडा' म्हणून सोडून देणं मला पटत नाही. कुठे तोडायचं ते सांगायला आणखी तीन ओळी लागल्या असत्या.

मुलुंडचा_मुंगळा :
तीन नको, एक चालली असती. असो. दुपारभर गिट अ‍ॅड डॅश पी करत एकेक तुकडा वेचला, पाच पॅच झाले. लॉकवाला पहिला, ११ ओळींचा. खोटा इतिहास हे मत कायम आहे, पण हा ११ ओळींचा बघून मलाच बरं वाटलं. आता रिबेसला (पॅच एकामागून एक पुन्हा लावणाऱ्या गिटच्या आज्ञेला) एक्झेक लावून प्रत्येक पॅचवर मेक, म्हणजे बिल्डची आज्ञा, चालवतोय.

दुसरा फुटला. नव्या फाइलीची मेकफाइलमधली (काय काय बिल्ड करायचं त्या यादीतली) ओळ चौथ्यात राहिली.