कुटुंबासह परदेशी स्थायिक होताना: पैशांच्या नियोजनाचे आपले अनुभव

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार-पाच कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला: मुलाबाळांसह परदेशी जायचे तर हाताशी किती रक्कम असावी? प्रत्येकाला मी काही ना काही आकडा सांगितला, आणि प्रत्येक वेळी तो सांगून झाल्यावर मनाला चुटपुट लागून राहिली. आमचा स्वतःचा अंदाज एकूण रकमेच्या बाबतीत फारसा चुकला नव्हता. चुकले होते ते त्या रकमेचे वेळापत्रक. पैसे होते, पण हवे त्या दिवशी, हव्या त्या चलनात, हव्या त्या खात्यात नव्हते. म्हणून हा धागा काढत आहे. आपण कोणत्या देशात, कोणत्या वर्षी, किती जण गेलात आणि कोणता खर्च कागदावर नव्हता, किंवा होता पण भलत्याच महिन्यात उभा राहिला, हे सविस्तर लिहावे. पगाराचे आकडे लिहिण्याची गरज नाही, आणि सल्लागारांच्या जाहिराती कृपया नकोत.

सुरुवात माझ्यापासून करते. आम्ही चौघे २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून जर्मनीत आलो. निघण्यापूर्वी सात महिने मी एक्सेलमध्ये खर्चाचा तक्ता सांभाळला होता. त्यात लग्नाच्या आणि जन्माच्या दाखल्यांच्या अपोस्टिलपासून (म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्यापासून) मुलांच्या हिवाळी बुटांपर्यंत सगळे होते. परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिलचे शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे, हे वाचून मी त्या रकान्यात किरकोळ रक्कम लिहिली होती. प्रत्यक्षात एजंटाचे शुल्क, राज्य पातळीवरचा आधीचा शिक्का आणि जर्मन भाषांतर धरून तो खर्च कितीतरी पटींनी वाढला. पण हे सोसण्यासारखे होते. खरी ओढाताण घराने केली.

अनामत म्हणून तीन महिन्यांचे मूळ भाडे द्यायचे होते. घरमालकाने ते सगळे किल्ल्या देण्याआधी मागितले आणि आम्ही मुकाट्याने भरले. जर्मन कायद्यानुसार ही रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क असतो, हे आम्हाला नाताळात एका शेजाऱ्याकडून कळले. ताबा मिळाला त्या दिवशी स्वयंपाकघराच्या जागी भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ, शेगडीसाठीची एक जाड वायर आणि फरशीवर आधीच्या कपाटांचे चौकोनी डाग एवढेच होते. मागच्या भाडेकरूने ओटा, सिंक, कपाटे सगळे उचलून नेले होते, आणि तिकडे त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. वापरलेले स्वयंपाकघर मिळून बसवून होईपर्यंत पाच आठवडे गेले. तोवर विजेची एक शेगडी वॉशिंग मशीनवर ठेवून मी भात-आमटी केली आणि भांडी बाथटबमध्ये घासली. बाहेरच्या खाण्यावर त्या पाच आठवड्यांत जे गेले ते तक्त्यात कुठेच नव्हते.

मुलांचा भत्ता, म्हणजे किंडरगेल्ड, मी पहिल्या महिन्यापासून जमेच्या बाजूला धरला होता. अर्जासाठी कर क्रमांक लागतो आणि निकालाला वेळ लागतो. मागील सहा महिन्यांपर्यंतचे पैसे मिळतात हे खरे, पण ते नंतर एकदम मिळतात. जमा नंतर आणि नावे आधी, असा तो सगळा काळ होता. आता कोणी तक्ता दाखवला की मी ‘कशासाठी’ या रकान्याशेजारी ‘कोणत्या तारखेला’ आणि ‘कोणत्या खात्यातून’ असे दोन रकाने वाढवायला सांगते.

*

आमचा अनुभव इंग्लंडचा आहे आणि तो एकाच शुल्काभोवती फिरतो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये नोकरीचा प्रस्ताव आला तेव्हा आरोग्य अधिभार, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरता यावी म्हणून व्हिसासोबत घेतले जाणारे शुल्क, प्रौढांना वर्षाला ६२४ आणि मुलांना ४७० पौंड होता. हा अधिभार व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा, अर्ज करतानाच, एकरकमी भरावा लागतो. दोन प्रौढ, दोन मुले आणि पाच वर्षे असा हिशेब करून मी १०,९४० पौंड बाजूला काढले. मुलाच्या शाळेची परीक्षा होऊ द्यावी म्हणून अर्ज मार्चवर ढकलला, आणि मधल्या काळात, ६ फेब्रुवारी २०२४ पासून, तो दर अनुक्रमे १,०३५ आणि ७७६ पौंड झाला. नवा हिशेब १८,११० पौंडांचा, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १९ लाख रुपयांचा होता. दरवाढीची घोषणा आधीच झालेली होती; मी ती वाचली नव्हती, त्यामुळे दोष द्यायचा तर तो माझा मलाच.

कंपनी केवळ कर्मचाऱ्याचा अधिभार परत देणार होती, तोही पहिल्या पगारासोबत. प्रत्येकाचा अर्ज वेगळा असल्यामुळे माझे आणि पत्नीचे ५,१७५ पौंड प्रत्येकी व मुलांचे ३,८८० पौंड प्रत्येकी असे चार व्यवहार कार्डावरून करायचे होते. पहिले दोन पार पडले, तिसऱ्याला कार्डाची मर्यादा संपली. रात्री साडेअकरा वाजता मेहुण्याला उठवून त्याचे कार्ड घेतले. चलन बदलण्याचे बँकेचे अधिमूल्य साडेतीन टक्के होते. एवढ्या मोठ्या रकमेवर ते काय होते, हे बिल हाती आल्यावर समजले.

नंतर एका सहकाऱ्याने कंपनीकडून प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र, म्हणजे ज्यावरून व्हिसाची मुदत ठरते तो कागद, पाचऐवजी तीन वर्षांचे मागून घेतले. त्याच्या चौघांचा अधिभार १०,८६६ पौंड झाला. तीन वर्षांनी त्याला व्हिसाचे शुल्क पुन्हा भरावे लागेल आणि तोवर दरही वाढलेले असू शकतील, म्हणजे हे स्वस्त नव्हे. पण नव्या देशात पाऊल ठेवताना सात हजार पौंड हाताशी असणे आणि नसणे यांतला फरक आम्ही भोगलेला आहे.

*

कॅनडाविषयी लिहितो. एक्स्प्रेस एंट्रीतून, म्हणजे कायम वास्तव्यासाठीच्या तिथल्या सरकारी अर्जपद्धतीतून, हातात तिथली नोकरी नसताना जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला आमच्या वेळी, म्हणजे २०२४ च्या उत्तरार्धात, २७,२९७ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागत होते. ही रक्कम दरवर्षी बदलते. ती उसनी चालत नाही, घराची किंमत त्यात धरता येत नाही, आणि बँकेच्या पत्रात मागील सहा महिन्यांची सरासरी शिल्लक द्यावी लागते. म्हणून मुदत ठेवी मोडणे, म्युच्युअल फंड विकणे ही कामे अर्जाच्या आदल्या महिन्यात करून भागत नाही. सासऱ्यांनी दिलेल्या चार लाखांसाठी ती भेट आहे, परतफेड अपेक्षित नाही, असे पत्र जोडले. ते पत्र लिहिताना सासरे जरा दुखावले, कारण ‘परतफेड नको’ हे कागदावर मांडावे लागते याचेच त्यांना नवल वाटले.

पण आमची मोठी चूक पैसे पाठवण्यात झाली. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची चिंता नव्हती. चिंता असायला हवी होती ती टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते त्या कराची. २०२५ च्या फेब्रुवारीत मी माझ्या खात्यातून एकट्याने २४ लाख पाठवले. त्या वेळी ७ लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के कापले जात. म्हणजे १७ लाखांवर ३ लाख ४० हजार. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो, पण मला तो परत मिळाला तोवर आमच्या टोरँटोतल्या मुक्कामाला दहा महिने झाले होते.

ही करमुक्त मर्यादा माणशी असते. पत्नीची स्वतःची बचत होती. दोघांनी मार्चअखेर सात-सात लाख आणि उरलेले दहा लाख एप्रिलमध्ये पाठवले असते तर एक रुपयाही अडकला नसता, कारण १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख झाली. सहा आठवड्यांची कळ काढायला हवी होती. अर्थात विमानाची तिकिटे आधीच काढलेली असताना हे शहाणपण सांगणे सोपे आहे.

कारचा विमा आमच्या अंदाजात चक्क चौपट कमी धरलेला होता. भारतातल्या चौदा वर्षांच्या अनुभवाला आमच्या विमा कंपनीने शून्य किंमत दिली.

*

वरच्या लेखनात दुबईचा उल्लेख नाही, म्हणून थोडक्यात भर घालतो. प्राप्तिकर नाही, या एका वाक्यावर आम्ही फार विसंबलो होतो. घरभाडे वर्षाचे ठरते आणि ते पुढील तारखांच्या धनादेशांनी आधीच द्यायचे असते. आमचे घर ८० हजार दिरहमचे होते आणि मालक चार धनादेशांना तयार झाला. पहिल्या दिवशी २० हजारांचा पहिला धनादेश, पाच टक्के अनामत ४ हजार, मध्यस्थाचे पाच टक्के ४ हजार आणि वीज-पाण्याची ठेव २ हजार, असे ३० हजार दिरहम गेले. धनादेशपुस्तिकेसाठी बँक खाते लागते आणि खात्यासाठी एमिरेट्स ओळखपत्र. ते हाती येईपर्यंतचे पाच आठवडे हॉटेल अपार्टमेंटमध्ये काढावे लागले. पुढे दर महिन्याला वीजबिलातून वार्षिक भाड्याच्या पाच टक्क्यांचा बारावा हिस्सा पालिकेचा गृहकर म्हणून जातो, तोही धरावा.

मुलांची शाळा खासगीच असणार. मी एका मुलीचे शुल्क धरून निघालो आणि दुसरी तीन वर्षांची आहे, म्हणून निश्चिंत होतो. ती वर्षभरात शाळेच्या वयाची होणार हे मला माहीत नव्हते असे नाही, पण तक्त्यात ती तीन वर्षांचीच राहिली.

*

मी अशा कुटुंबातली आहे जिथे नवरा आधी गेला आणि मी मुलगा व सासू-सासऱ्यांसह अकरा महिने ठाण्यात राहिले. ‘एकाने पुढे जाऊन बस्तान बसवावे’ हा सल्ला सगळे देतात, परंतु त्या काळात दोन संसार चालतात, याचा हिशेब कोणी मांडत नाही. दोन भाडी किंवा एक भाडे व एक गृहकर्जाचा हप्ता, दोन इंटरनेट, दोन किराणा, आणि मधे एकदा त्याने येऊन जाण्याचे तिकीट.

त्यात भारतातल्या खात्यांचे प्रकरण वेगळे. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या व्यक्तीला आपले साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे रुपयातले खाते, करून घ्यावे लागते. आमच्या बँकेत ते करताना खाते क्रमांक बदलला आणि गृहकर्जाचा हप्ता जुन्या क्रमांकावर आदळून परत गेला. दंड किरकोळ होता. पण कर्जाच्या नोंदीवर डाग पडला तो पडलाच. मीही गेल्यावर घर भाड्याने दिले. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के आणि उपकर मिळून ३१.२ टक्के कर कापून भरायचा असतो. हे ऐकल्यावर आमचे पहिले भाडेकरू हात जोडून निघून गेले. हप्ता भाड्यातून सुटेल हे आमचे गणित तिथेच मोडले. आता प्राप्तिकर खात्याकडून कमी दराने करकपातीचे प्रमाणपत्र काढले आहे, पण ते काढेपर्यंत सात महिने आम्ही परदेशातून पैसे पाठवून हप्ता भरत होतो.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती आरोग्यविम्याची. सासू-सासरे माझ्या कंपनीच्या समूह विम्यात होते. मी राजीनामा दिला त्या दिवशी ते छत्र गेले. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. नोकरी असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागितले असते तर आधीची वर्षे मोजली गेली असती. मनुष्यबळ विभागाने निघतानाच्या यादीत लॅपटॉप, ओळखपत्र आणि पार्किंगचे स्टिकरसुद्धा लिहिले होते; हे कुठेच नव्हते. म्हणून आता आमच्या मासिक अंदाजात ‘बाबांचे इस्पितळ’ असा एक रकाना आहे आणि त्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम मुदत ठेवीत जाते.

*

आम्ही अडीच वर्षांनी परत आलो, त्यामुळे या धाग्यात लिहावे की नाही असा प्रश्न होता. नोकरी गेली तेव्हा आमच्याकडे चार महिन्यांचा खर्च शिल्लक होता आणि तो पुरेसा आहे असे मला वाटत होते. मात्र भाडेकराराची सूचना मुदत, चौघांची परतीची तिकिटे, सामान पाठवणे, अर्ध्या वर्षातले शाळाप्रवेश आणि इथल्या घराची अनामत, हे सगळे त्याच चार महिन्यांतून जाणार होते, असा विचार मी कधी केलाच नव्हता. जाण्याचा खर्च काढताना लोक परतीचा काढत नाहीत, कारण तो आकडा लिहिणेच अपशकुनी वाटते. आमच्या घरात मी तो विषय काढला होता, तेव्हा आईने मला ‘निघताना असं बोलू नये’ म्हणून गप्प केले होते.

*

आम्ही येत्या जूनमध्ये निघणार आहोत, त्यामुळे माझ्याकडे अनुभव नाही, केवळ तक्ता आहे. हा धागा वाचून काल रात्री नवऱ्याने आणि मी तो पुन्हा उघडला. तारखेचा रकाना भरायला घेतला तेव्हा दिसले की आमच्या अंदाजातली मोठी जमा म्हणजे कार विकून येणारे पैसे, आणि कार तर आम्ही निघण्याच्या आदल्या आठवड्यात विकणार होतो. घराची अनामत मात्र मेमध्ये द्यायची आहे. नवरा म्हणाला, एप्रिलमध्ये विकू. पण सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे आणि तपासण्यांना चार-पाच फेऱ्या तरी होतील. शेवटी रिक्षाचे पैसे असा एक नवा रकाना उघडला आणि कार एप्रिलमध्ये टाकली.