मदत हवी आहे : जमिनीच्या पुनर्मूल्यांकनातील घट कुठे दाखवावी?

आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या ताळेबंदात कारखान्याची मालकीची जमीन अजूनही 1994 च्या खरेदीखतातल्या 6 लाख 40 हजार रुपयांनाच दिसते आणि ती आजच्या किमतीला दाखवावी, असा संचालकांचा विचार आहे. लेखा मानक 10 (जमीन, इमारती, यंत्रसामग्री यांच्या हिशेबाचे मानक) नुसार एका जमिनीचे पुनर्मूल्यांकन केले की त्या वर्गातल्या सर्वच जमिनींचे करावे लागते, हे मान्य आहे. अडचण कंपनीच्याच दुसऱ्या भूखंडाची आहे. तिथला वहिवाटीचा रस्ता बंद झाल्याने त्याची किंमत खरेदीपेक्षाही उतरली आहे. ही घट पहिल्या जमिनीच्या वाढीतून वळती करता येते, की वाढ पुनर्मूल्यांकन राखीव निधीत (किमतीतली वाढ नफ्यात न धरता वेगळी दाखवण्याचे खाते) आणि घट थेट नफा-तोटा पत्रकात न्यावी लागते? मला दुसरेच बरोबर वाटते. लेखापरीक्षणात हे प्रत्यक्ष हाताळलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.